कालचं पाणी

डोळे मिट बरं जरा. आता असं समज, की तुला तुझ्या घराच्या जिन्यावरून खाली जायचं आहे. डोळे उघडायची गरज नाही, कारण हा जिना तुझ्या पायांना पाठ आहे. पाढ्यांसारखा पाठ नव्हे, पाढे विसरतात. आईच्या हाकेसारखा पाठ. कुठल्या पायरीची कड झिजली आहे, कुठे वळण येतं, कुठे कठडा हाताला गार लागतो, सगळं पायांना ठाऊक. शेवटची पायरी आली. पाय पुढे टाकलास, आणि जमीन जिथे असायला हवी तिथे ती नाही. फार नाही, दोनेक बोटं खाली आहे. पाय पडतो तो जमिनीवरच पडतो, काही लागत नाही, कुणी बघतही नाही. पण त्या एवढ्याशा वेळात पोटात जे होतं, ते आठव. ते तसंच धरून ठेव आणि मग डोळे उघड.

मुलुंड पूर्वेला, खाडीच्या अंगाला मैत्रबन नावाची एक जुनी सोसायटी होती. तिथे तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या रत्नप्रभाला मे महिन्यातल्या एका दुपारी नेमकं तेच झालं. ती पडली नाही. हातातल्या वाटीत शुभासाठी काढलेली कैरीची चटणी होती, तीही सांडली नाही. पण खाली पोहोचूनही आपण अजून पोहोचलो नाही असं तिला वाटत राहिलं, जणू शरीर उतरलं आणि आतलं काहीतरी त्या शेवटच्या पायरीवरच थांबलं. तिने आधी पायाकडे पाहिलं. तिच्या वयाची माणसं जमीन हलली तरी दोष आधी पायालाच देतात. गुडघा दगा देतो आहे, नजर उतरली आहे, चप्पल झिजली आहे, असं एकेक तिने स्वतःला सांगून पाहिलं. मग वाकून पायरीच्या तळाशी बघितलं. पायरी जिथे फरसबंदीला टेकायची तिथे एक काळी फट होती. तिच्यात मुंग्यांची रांग जात होती, अगदी सवयीने, म्हणजे ती फट मुंग्यांना बरेच दिवस माहीत असणार. इमारतीच्या मागे पंप घुमत होता. तो नेहमीच घुमायचा, त्यामुळे तिला तो ऐकू आला नाही. ऐकू आली ती आपल्याच छातीतली धडधड. एवढंसं तर झालं, ती स्वतःला म्हणाली, आणि तरीही तळमजल्यावरच्या शुभाच्या दारापर्यंतची चार पावलं तिने भिंतीला हात लावून टाकली, नवख्या घरात चालावं तशी.

दार अर्धंच उघडलं आणि अडलं.

"खांदा लाव, खांदा," आतून शुभा म्हणाली. "नुसतं ढकलून नाही ऐकत हल्ली."

"काय गो, तुझं दार पण माझ्यासारखं झालं. उठता-बसता कुरकुर."

"तुझ्यासारखं असतं तर एव्हाना चार घरी जाऊन बातम्या घेऊन आलं असतं."

रत्नप्रभा हसली. दुपारच्या चहाला ती इथे इतकी वर्षं येत होती, की सुरुवात कशी झाली ते दोघींनाही आता वेगवेगळं आठवायचं. शुभा म्हणायची, तू साखर मागायला आली होतीस. रत्नप्रभा म्हणायची, तू द्यायला आली होतीस, मी कशाला मागीन. शुभा टेलिफोन खात्यात नोकरी करून निवृत्त झालेली, बोलणं नेटकं, कपाटातल्या साड्या घडीवर घडी. रत्नप्रभा मालवणकडची. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली, आणि नवरा बाळा ज्या गिरणीत होता ती बंद झाल्यावर मिळेल ती कामं करत दोघं इथवर पोहोचली. दोघींचं जुळण्यासारखं काही नव्हतं. पण जुळलं ते असं, की आता शुभाच्या घरातली रत्नप्रभाची खुर्चीसुद्धा ठरलेली होती, खिडकीजवळची, जिच्यावर शुभाचा मुलगाही बसत नसे. आज त्या खुर्चीत बसताना रत्नप्रभाला ती एका बाजूला कलल्यासारखी वाटली. आत्ताच्या पायरीने मनात घर केलं आहे, म्हणून सगळंच कलतं आहे, असं तिने ठरवलं. तेवढ्यात शुभाने आधणातून उरलेलं तांब्याभर पाणी सहज फरशीवर ओतलं.

"अगं अगं, हे काय?"

"बघ तर. कुठे जातं बघ."

पाणी थोडा वेळ जागीच थरथरलं. पूर्वी ते मोरीकडे जायचं. ही फरशी धुताना रत्नप्रभाने कितीदा कुंचा धरला होता, तिला हे ठाऊक होतं. आज ते मोरीकडे पाठ करून निघालं, टेबलाच्या पायाला वळसा घालून भिंतीपाशी गेलं आणि भिंत नि फरशी यांच्यामधल्या फटीत नाहीसं झालं. फट एवढी, की शुभाने उलथनं आत घालून दाखवलं. ते सहज गेलं.

"माझं स्वयंपाकघर निघालंय खाडीवर हवा खायला," शुभा म्हणाली. तिने चहा गाळला. "देवव्रत येऊन बघून गेला परवा. म्हणतो, आई, आता बास. बोरिवलीला चल."

"मग?"

"मी हो म्हटलं नाही."

रत्नप्रभाने कप जवळ ओढला.

"नाही पण म्हटलं नाही गं," शुभा म्हणाली.

बोरिवली काही परदेशात नाही. तू म्हणशील, बस आहे, रिक्षा आहे, फोन आहे. खरं आहे. पण रोज दुपारी तीन मजले उतरून वाटीभर चटणी घेऊन कुणी बोरिवलीला जात नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नवीन मैत्रीण करता येत नाही असं नाही, पण जुनी मैत्रीण नव्याने करता येत नाही. रत्नप्रभाने चहा पिऊन टाकला. तो फार गरम होता, आणि तोंड भाजलं ते तिला बरंच वाटलं, डोळ्यांत पाणी यायला कारण मिळालं. वर जाताना ती पहिली पायरी चढायला पाय जरा जास्त उचलावा लागला. हे रोजच लागत असणार. एवढे दिवस आपण न कळता जास्त उचलत होतो, असं मनात येऊन तिला त्या बिचाऱ्या पायाची दया आली. त्याने तक्रार न करता सांभाळून घेतलं होतं, आणि ज्या दिवशी त्याचा अंदाज चुकला त्याच दिवशी आपण त्याला बोल लावला.

आठवड्याभरात सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांनी एका इंजिनियर मुलीला बोलावून आणलं. अस्मिता तिचं नाव. तिने जिन्याखाली, कुंपणाशी, शुभाच्या घरात सगळीकडे मोजमापं घेतली, पंपापाशी उकिडवी बसून बराच वेळ राहिली, आणि मग शुभाच्या टेबलाशी बसून सगळ्यांना समजावून सांगू लागली. देवव्रतही आला होता, ऑफिसचा शर्ट घालून, घड्याळाकडे बघत. इमारत भक्कम आहे, अस्मिता म्हणाली. तिचे खांब खाली पार खडकापर्यंत गेले आहेत. पण ही सगळी जागा मुळात खाडीची दलदल. भराव टाकून वर आणलेली. शुभाकाकूंची फरशी, आवार, कुंपण हे खांबांवर नाही, त्या भरावावर टेकलेलं आहे. खाली ओली चिकणमाती आहे, तिच्या कणाकणांमध्ये पाणी उभं असतं आणि ते पाणीच तिला फुगवून धरतं. बोअरिंगने ते उपसत गेलं, की माती दबते. इमारत तिथेच राहते, जमीन खाली जाते.

"पण माती कुणी नेली का?" पहिल्या मजल्यावरच्या प्रेमाने विचारलं. "आम्ही तर नुसतं पाणीच घेतलं."

अस्मिता कागदावर आकृती काढू लागली. आणि रत्नप्रभाला अचानक पोह्यांचा डबा दिसला. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून परत येताना आईने भरून दिलेला पत्र्याचा डबा. काठोकाठ भरला होता, झाकण दाबून बसवावं लागलं होतं. एसटीत मांडीवर घेऊन ती मुंबईपर्यंत आली. घाट, खड्डे, पुन्हा घाट. चाळीत सासूने झाकण काढलं तर पोहे चार बोटं खाली. सासू डब्यात बघत राहिली, मग सुनेच्या तोंडाकडे. "वाटेत खाल्लंस काय गो?" रत्नप्रभाने शपथ घेतली, रडली, पण सासूला पटलं नाही ते नाहीच. पुढे किती वर्षं त्या घरात पोह्यांचा विषय निघाला की बाळा मिशीत हसायचा आणि म्हणायचा, "आमचो डबो एसटीन खाल्ल्यान." कुणी काही खाल्लं नव्हतं. पोहे तितकेच होते. त्यांच्यामधली हवा तेवढी गेली होती, हादऱ्याहादऱ्याने, कुणाला न कळता. हे सगळं ती मोठ्याने बोलली नाही. फक्त म्हणाली, "प्रेमा, डब्यातले पोहे प्रवासात खाली बसतात ना, तसं." अस्मिता म्हणाली, "अगदी तसं, आजी," आणि रत्नप्रभाला आनंद व्हायच्या ऐवजी वाईटच वाटलं. सासू जाऊनही आता किती काळ झाला होता, आणि हे ऐकायला ती उरली नव्हती.

"मग पाणी परत सोडलं तर वर येईल?" शुभाने विचारलं. तिने ते इतक्या हळू विचारलं, की जणू उत्तर न ऐकलं तरी चाललं असतं.

"नाही हो काकू. बसलेली माती बसली." अस्मिताने हातातली टेप गुंडाळली. "आणि एकटा तुमचाच पंप आहे असंही नाही. आजूबाजूला नवे टॉवर उठतायत, त्यांचे पंप आहेत, टँकरवाल्यांच्या विहिरी आहेत. पण तो तुमच्या फरशीच्या सगळ्यात जवळ आहे. तो बंद झाला तर पुढचं खचणं बरंच कमी होईल. मग फरशी नव्याने घालण्यात अर्थ आहे. तो चालूच राहणार असेल तर आज घातलेली उद्या पुन्हा जाईल."

"मी घालून देतो फरशी," देवव्रत म्हणाला. "उद्या घालून देतो. पण पंप बंद होणार असेल तर. नाहीतर आई, तू माझ्याबरोबर येतेस. दार अडकून तू आत राहिलीस तर? नाही, मला झोप लागत नाही तिकडे." त्याचा आवाज चिडका होता, पण चष्मा पुसायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

चंद्रप्रकाशांनी रविवारी सभा ठेवली. तोवरचे दिवस रत्नप्रभाने कसे काढले ते तिलाच माहीत. घरात मुलगा सुबोध, सून स्वरदा, दोघंही कामावर जाणारी. दिवसभर सोबत म्हणजे नात, गंधाली, नऊ वर्षांची, सुट्टीमुळे घरीच, आणि प्रश्नांनी भरलेली. गंधालीचं सकाळचं एक लाडकं काम होतं. नळाला पाणी आलं की मोरीतलं पिंप आणि बादल्या आडव्या करायच्या, आदल्या दिवशीचं सगळं शिळं पाणी ओतून द्यायचं, आणि मग आजीने ताजं भरायचं. पिंप कललं की पाण्याचा जो लोंढा मोरीतून धावायचा, त्यात गंधाली पाय रोवून उभी राहायची आणि किंचाळायची. हे या एका घरातलं नव्हतं. सकाळी मैत्रबनमध्ये मजल्यामजल्यावरून रिकाम्या पिंपांचे आवाज यायचे, चाळीतून आलेल्यांच्या घरातून आणि चाळ न बघितलेल्यांच्याही. शिळं पाणी घरात ठेवायचं नसतं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. का, ते कुणी विचारलेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी लोंढा वाहून गेल्यावर गंधाली किंचाळली नाही. मोरीच्या जाळीत वाकून बघत म्हणाली, "आजी, हे कुठे जातं?"

"गटारात. तिथून खाडीत."

"आणि येतं कुठून?"

"बरंचसं बोअरिंगचं. जमिनीतून."

"म्हणजे शुभाआजीच्या खालून?"

रत्नप्रभाच्या हातात भरलेली बादली होती. ती तिने खाली ठेवली. मुलीने काही आरोप केला नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, बेडकाला शेपूट असतं का हे विचारते त्याच सुरात. "होय," रत्नप्रभा म्हणाली, आणि त्यानंतर दिवसभर तिला दुसरं काही सुचलं नाही. भाजी निवडताना सुचलं नाही, देवापुढे बसल्यावर सुचलं नाही. लालबागच्या चाळीतली आपली पहिली सकाळ तिला दिसत राहिली. गावाकडे विहीर होती, कळशी सोडली की पाणी. त्याला काल नव्हता की आज नव्हता. चाळीत भल्या पहाटे सासूने उठवलं, पाण्याने भरलेला तांब्याचा हंडा दाखवला आणि म्हणाली, "ओत." नव्या सुनेने विचारलं, चांगलं तर आहे, का ओतायचं? सासू म्हणाली, "कालचा पाणी कालच्या माणसांचा. आज नवा भरूचा." आणि तिने हंडा ओतला. त्या दिवसापासून ओतत आली. नळाला करंगळीएवढी धार असतानाही ओतत आली. मग इथे बोअरिंग झालं, नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, सगळ्या बायकांनी पाण्याची ओटी भरली, आणि हात आणखी सैल झाले. किती पाणी होतं ते तिला मोजता येईना, आणि मोजायचंही नव्हतं. फक्त शुभाच्या फरशीवरचं ते तांब्याभर पाणी, मोरीकडे पाठ करून निघालेलं, डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या शकुने उभं राहून सांगून टाकलं, "शुभावहिनींबद्दल सगळ्यांनाच वाईट वाटतं हो. पण पालिकेचं पाणी येतं किती? दात घासायला पुरत नाही. बोअरिंग बंद म्हणजे आमची वाट लागली." लोकांनी माना हलवल्या. शुभा शेवटच्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसली होती, दुसऱ्याच कुणाच्या घराविषयी चाललं असावं अशी. चंद्रप्रकाश म्हणाले, "हे बघा, शकुवहिनी म्हणतायत ते चुकीचं नाही. पाणी पुरत नाही तर पुरत नाही." मग रत्नप्रभा उठली. सभेत ती कधी बोललेली नव्हती.

"पुरेल," ती म्हणाली. "आपण रोज सकाळी अर्धं ओतून देतो."

"काय ओतून देतो?"

"शिळं. शिळं पाणी."

थोडं हसू पसरलं. प्रेमा म्हणाली, "अहो मावशी, मग काय शिळ्या पाण्याने अंघोळ करायची? देवाला घालायचं?"

"देवाला नळाचं ताजं घाल. तांब्याभर लागतं त्याला. बाकीचं आपल्याला."

"तुम्ही स्वतः ठेवाल?" शकुने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. तिने विश्वास न बसून विचारलं. "तुम्ही, रत्नामावशी? तुमच्याच तोंडून ऐकलं होतं मी, इथे राहायला आले तेव्हा. पहिल्या सकाळी येऊन म्हणालात, अगं, आधी ओत ते."

रत्नप्रभा म्हणाली, "ठेवीन."

बऱ्याच बोलाचालीनंतर ठरलं ते असं: सोमवारपासून आठवडाभर पंप बंद ठेवून बघायचं. निभावलं तर पुढे बघू. नाही निभावलं, कुणाच्याही घरी पाण्याचे हाल झाले, तर पंप चालू, आणि मग शुभावहिनींनी, चंद्रप्रकाश खाली बघत म्हणाले, काय ते त्यांनी ठरवावं. देवव्रतने मान हलवली. सभा उठताना शुभा रत्नप्रभाजवळ आली, पण आभार वगैरे काही मानले नाहीत. पदराला लागलेली धूळ झटकून म्हणाली, "एवढं मोठं बोललीस. आता सकाळी उठून पिंप आडवं करू नकोस म्हणजे झालं. मी तुला ओळखते."

"जा गो," रत्नप्रभा म्हणाली.

पण शुभा ओळखत होती, आणि कशी ओळखत होती हे त्या रात्रभर रत्नप्रभाला आठवत राहिलं असावं, कारण सोमवारी सकाळी मोरीच्या उंबऱ्यावर उभी राहिली तेव्हा तिला पिंप दिसलंच नाही. दिसला तो तांब्याचा हंडा. बाळा गेला त्या दिवशी सकाळी त्यानेच भरलेला. गिरणी सुटल्यावर त्याला सकाळी घाई नसायची, म्हणून पाणी तो भरायचा. हंड्याचा गळा फडक्याने पुसायचा, वर झाकणी ठेवायचा, झाकणीवर फुलपात्र. दुपारी तो गेला. घरात माणूस गेलं की साठवलेलं सगळं पाणी ओतून देतात. बायका जमल्या, कुणीतरी म्हणालं, हंडा रिकामा करा. आणि रत्नप्रभाच्याने उठवेना. त्या पाण्यात त्याचा हात होता. अजून सकाळचाच होता, फडक्याचा ओलावा गळ्यावर तसाच होता. तेव्हा शुभा उठली. कुणाकडे न बघता तिने हंडा उचलला, मोरीत नेला, आणि सगळा एकदम उपडा केला नाही. हळूहळू, बारीक धारेने, फार वेळ लावून ओतला, झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढावा तसा. त्यानंतरच्या प्रत्येक सकाळी रत्नप्रभा पाणी ओतत आली होती ते सासूच्या शब्दासाठी नव्हे, हे तिला आज, या उंबऱ्यावर, पहिल्यांदा कळत होतं. आदला दिवस घरात राहू नये म्हणून. आदला दिवस घरात उभा राहिला, की त्यात माणसं दिसायला लागतात.

नळ सुरू झाला होता. धार बारीक होती. इमारतीच्या मागचा पंप आज गप्प होता, आणि तो गप्प असल्यामुळे तिला बाकीचं सगळं ऐकू येत होतं. वरच्या मजल्यावर कुणाची तरी कढई. खाडीकडचे पक्षी. खाली शुभाच्या दाराची कुरकुर. पिंपांचा आवाज अजून कुठून आला नव्हता. आणि तिला जाणवलं, की दुसऱ्या मजल्यावर शकु आपल्या मोरीत अशीच उभी असणार, पहिल्यावर प्रेमा, सगळ्या कान लावून. रत्नामावशीचं पिंप वाजलं, की त्यांचीही वाजतील. मग दुपारपर्यंत पाणी संपेल, चंद्रप्रकाश बटण दाबतील, आणि पुढच्या रविवारी देवव्रत गाडी घेऊन येईल. हे सगळं तिला स्पष्ट दिसत होतं. तिला शुभा हवी होती. हातापायांत कळ येईल इतकी हवी होती. आणि तरीही तिने पाहिलं तर तिचा उजवा हात पिंपाच्या कडेवर होता, बोटं कडेखाली वळलेली, मनगट ताणलेलं. पिंप जरासं उचललंही गेलं होतं. आतलं पाणी एका बाजूला चढून काठाशी येऊन थांबलं होतं. ठेव ते खाली, ती हाताला म्हणाली. हात ऐकत नव्हता. त्याला एवढ्या वर्षांत दुसरं काही शिकवलंच नव्हतं. डावा हात तिने पाण्यात बुडवला. पाणी गार होतं, नळाच्या पाण्याहून गार, रात्रभर मोरीच्या सावलीत निवलेलं. त्याला कसलाही वास नव्हता. तिला रडू येईल असं वाटलं, आणि रडायलाही हात मोकळा नव्हता.

पावलं वाजली. गंधाली झोपेतून उठून आली होती, केस एका बाजूला उभे, गालावर उशीच्या शिवणीची खूण. तिने उंबऱ्यावर थांबून आधी नळाकडे पाहिलं, मग तिरक्या पिंपाकडे, आणि मग आजीच्या हाताकडे. सभेत ती मागे सायकलवर बसून होती, तिने सगळं ऐकलं होतं. रत्नप्रभाला वाटलं, आता ही किंचाळेल, लोंढ्यात पाय रोवायला पुढे येईल, आणि मग तर हाताला निमित्तच मिळेल. तिला सांगायचं होतं, बाय माझे, मला जमत नाही गो. पण नऊ वर्षांच्या मुलीला असं कसं सांगायचं?

गंधाली पुढे आली. तिने फळीवरचा तांब्या घेतला, तो तिरक्या पिंपात बुडवून भरला, आणि खाली बसून त्या कालच्या पाण्याने तोंड धुतलं. चांगलं चोळून धुतलं, डोळे, कानामागे, मान. फ्रॉकच्या बाहीने तोंड पुसलं. मग उठून तिने तांब्या पुन्हा बुडवला, काठोकाठ भरला, आणि दोन्ही हातांनी आजीसमोर उचलून धरून, आजीची बोटं पिंपाच्या कडेवरून सुटून त्यांची ओंजळ होईपर्यंत, ती तशीच वाट पाहत उभी राहिली.